मागच्या सीटचा राजीनामा

जावकराव उदास होते. उदासीचं कारण त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. वहिनींनी त्यांच्या मागे बसणं सोडलं होतं.

जावकराव हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ऑफिसात आवक-जावक विभाग असतो, त्यात आवक एकाकडे आणि जावक दुसऱ्याकडे. यांची सगळी नोकरी जावकमध्ये गेली. ऑफिसातून बाहेर पडणारं प्रत्येक पत्र यांच्या शिक्क्याखालून जायचं. ऑफिसात काय येतंय याच्याशी यांचा काडीचाही संबंध नव्हता, आणि तो असावा असं त्यांना कधी वाटलंही नाही. नाव आधी ऑफिसात पडलं, मग जिन्यापर्यंत आलं, आणि आता दारावरच्या पाटीवर तेवढं यायचं राहिलं होतं. त्यांच्या बायकोला सगळी इमारत वहिनी म्हणे, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू.

मागे बसणं सोडलं यात एवढं उदास होण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. ज्यांनी या जोडप्याला स्कूटरवर पाहिलेलं नाही तेच असं म्हणतील. लग्नानंतर लवकरच दोघांनी कामं वाटून घेतली होती. हँडल, ब्रेक आणि हॉर्न जावकरावांकडे. मागून काय येतंय ते बघणं, वळायच्या बाजूला हात दाखवणं आणि वेळप्रसंगी मागच्या ट्रकवाल्यावर डोळे वटारणं हे वहिनींकडे. चौक आला की जावकराव मान जराही न वळवता विचारत, "येतंय का कोणी?" मागून उत्तर येई, "बस आहे, थांबा." किंवा, "सायकलवाला आहे, जाऊ दे बिचाऱ्याला." किंवा नुसतंच, "नाही." ते 'नाही' ऐकलं की जावकराव वळत. खात्री करून घ्यायला मागे बघणं त्यांना प्रशस्त वाटत नसे. आपल्याच विभागातल्या माणसाच्या सहीवर संशय घेण्यातला तो प्रकार होता. आरसे त्यांनी केव्हाच काढून माळ्यावर टाकले होते, कारण फाटकातून आत येताना ते भिंतीला घासत. एकटे ते स्कूटरवर कधी बसलेच नाहीत. ऑफिसला बस होती. स्कूटर ही दोघांनी मिळून चालवायची वस्तू आहे, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

आणि मग एका ओल्या संध्याकाळी, बँकेजवळच्या चौकात त्यांनी विचारलं, वहिनी "नाही" म्हणाल्या, जावकराव वळले, आणि दुधाची एक व्हॅन कुठूनशी येऊन त्यांना चाटून गेली. व्हॅन बॅटरीवर चालणारी होती, आवाज म्हणून नव्हता तिला. दोघंही डबक्यात बसले. खरोखर बसलेच, पडले म्हणावं एवढाही वेग त्यात नव्हता. छत्री वाकली, पिशवीतले टोमॅटो रस्ताभर झाले, आणि फुटपाथवरच्या एका सद्गृहस्थानं उचलायला यायच्या आधी फोटो काढून घेतला. वहिनी उठल्या, कपडे झटकले आणि म्हणाल्या, "मी चालत येते." त्या दिवसापासून त्या मागे बसल्या नाहीत.

जावकरावांनी या प्रकरणाची मनातल्या मनात रीतसर चौकशी केली. वहिनी 'नाही' म्हणाल्या होत्या, त्याअर्थी तेव्हा मागे कोणी नव्हतं. व्हॅन त्यानंतर आली, त्याअर्थी आपण वळायला उशीर केला. उशीर का केला, तर ओल्या रस्त्यावर आपले हात आखडतात. वहिनींच्या हे लक्षात आलं आणि त्यांचा आपल्यावरचा विश्वास उडाला. सगळं इतकं चोख जुळलं की त्यांना जेवण जाईना.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडणात निदान माणूस बोलतो तरी. वहिनी नेहमीसारख्याच वागत, फक्त कमी बोलत. बाजारात पायी जात. बहिणीकडे जाते म्हणून एकट्याच बसनं निघत आणि संध्याकाळी थकून येत. खिडकीशी बसत, पण रस्ता बघतायत असंही वाटत नसे. एकदा जावकरावांच्या पांढऱ्या शर्टाला त्यांनी तपकिरी बटण लावलं. जावकराव तो शर्ट तसाच घालून ऑफिसला गेले. हा निषेध आहे आणि तो आपण सोसला पाहिजे, असं त्यांचं मत पडलं. तळमजल्यावर एक होमिओपॅथ राहत, त्यांना सगळे खालचे डॉक्टर म्हणत. ते एकदा जावकरावांना गाठून म्हणाले, "वहिनी हल्ली अगदी समोरून जातात आणि ओळख देत नाहीत. आमचं काही चुकलं का?" जावकरावांना शरमल्यासारखं झालं. डबक्यात बसल्यापासून बाईला चारचौघांकडे बघण्याची लाज वाटते, हे त्यांना कळून चुकलं. आणि ती लाज आपल्यामुळे, हेही.

तेव्हा त्यांनी स्कूटर विकली आणि विजेवरची मोटरसायकल घेतली.

साधी स्कूटरही चालली असती. पण दुकानातल्या विक्रेत्यानं सांगितलं की या गाडीचा ब्रेक ओल्या रस्त्यावरही चाक अडकू देत नाही, गाडी स्वतःच विचार करते. आपल्याऐवजी दुसऱ्या कुणीतरी विचार करावा ही कल्पना जावकरावांना त्या मनःस्थितीत फार बरी वाटली. गाडी घरी आली तेव्हा सगळी इमारत खाली जमली. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअरांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली. त्यांची सगळी हयात गटारांच्या कामांवर गेली होती, पण सल्ला ते कुठल्याही विषयावर देत.

"वीज आणि पाणी, जावकराव," ते म्हणाले. "शाळेत विज्ञान होतं ना तुम्हाला? पावसात रबरी चपला घालून बसायचं. आणि उतरताना दोन्ही पाय एकदम जमिनीला लावायचे नाहीत."

"मग उतरायचं कसं?"

"उडी मारून," इंजिनिअर म्हणाले.

खालच्या डॉक्टरांनी बॅटरीच्या लहरींपासून गुडघे वाचवण्यासाठी पांढऱ्या गोळ्यांची पुडी दिली. समोरच्या काकूंना मांजरांची काळजी होती. आवाजच नाही म्हटल्यावर ती बाजूला होणार कशी, तेव्हा चाकाला घुंगरू बांधा असं त्यांचं म्हणणं पडलं. चार्जिंगवरून तर इमारतीची खास सभा झाली. जिन्याखालचं सॉकेट हे दिव्यासाठी मंजूर झालेलं आहे, आणि मोटरसायकल हा दिवा मानता येईल का, यावर लोक तावातावानं बोलले. शेवटी परवानगी मिळाली ती एका अटीवर: गाडी चार्ज होत असेपर्यंत मालकानं तिच्याजवळ हजर राहावं. तेव्हापासून जावकराव संध्याकाळी जिन्याखाली प्लास्टिकच्या स्टुलावर, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे त्या गाडीजवळ बसत. येणारेजाणारे "कशी आहे?" असं विचारून वर जात. वर घरात वहिनी एकट्या बसलेल्या असत. ज्या बाईसाठी गाडी घेतली तिच्यापासून या गाडीनं आपल्याला आणखी एक मजला लांब नेलं, हे त्यांना स्टुलावर बसल्याबसल्या जाणवे.

वहिनी पहिल्या दिवशी खाली आल्या होत्या. त्यांनी सीटवरून हात फिरवला, मग हँडलवरून. जावकरावांनी किल्ली फिरवून चाक जरा पुढेमागे करून दाखवलं.

"आवाज नाही होय याला?" वहिनींनी विचारलं.

"अजिबात नाही," जावकराव अभिमानानं म्हणाले.

"रस्त्यावर अशाच येणार आता सगळ्या?"

"हळूहळू सगळ्याच."

वहिनींचा चेहरा उतरला. "मग कसं व्हायचं," असं स्वतःशीच पुटपुटून त्या वर निघून गेल्या. ओल्या रस्त्यावर आपलं कसं व्हायचं असंच त्यांना म्हणायचं असणार, हे जावकरावांनी ओळखलं. म्हणजे नुसत्या गाडीनं भागणार नव्हतं.

उपाय त्या विक्रेत्यानंच सुचवला. शहराबाहेर एक प्रशिक्षण केंद्र होतं. तिथं एक ट्रॅक मुद्दाम ओला करून त्यावर विजेच्या मोटरसायकली चालवायला शिकवत आणि शेवटी प्रमाणपत्र देत. त्यात मजकूर असे: 'मागे माणूस बसवून ओल्या रस्त्यावर वाहन चालवण्यास योग्य.' हे वाक्य ऐकून जावकरावांच्या अंगावर काटा आला. जन्मभर ज्यानं शिक्के मारले त्याला शिक्क्याची किंमत दुसऱ्यानं सांगावी लागत नाही. तो कागद वहिनींच्या पुढ्यात ठेवायचा आणि एक अक्षर न बोलता उभं राहायचं, असं त्यांनी ठरवलं.

केंद्राच्या खिडकीवरचा कारकून त्यांच्याच जातकुळीचा निघाला. वर्गात नाव घालायचं तर विजेची गाडी चालवल्याचा अनुभव हवा, आणि तो अनुभव या केंद्रानं मान्य करायचा तर आधी हा वर्ग केलेला हवा. जावकरावांना राग येण्याऐवजी क्षणभर कौतुकच वाटलं. इतकी गोल अट त्यांच्या ऑफिसातही कुणाला जमली नव्हती. अखेर 'अनुभव' या शब्दाआधी 'चार्जिंगचा' असं लिहून दोघांनी मार्ग काढला.

गाडी केंद्रापर्यंत न्यायची ती टेंपोतून. एकट्यानं चालवायचा प्रश्नच नव्हता.

"बिघडली का?" टेंपोवाल्यानं विचारलं.

"नाही."

"मग?"

"मागे बसायला कोणी नाही," जावकराव म्हणाले. केंद्र येईपर्यंत टेंपोवाला त्यांच्याशी फार मायेनं वागला.

पहिल्याच दिवशी धो धो पाऊस आला आणि वर्ग रद्द झाला. ट्रॅक ओला आहे, असं कारण फळ्यावर लिहिलेलं होतं.

"पण वर्ग ओल्याच ट्रॅकचा आहे ना?" जावकरावांनी खिडकीत विचारलं.

"ओला आपण करायचा असतो," कारकून म्हणाला. "हे पाणी आपलं नाही. किती पडलं, कुठं पडलं, याची जबाबदारी कोण घेणार?" मोटरसायकल पुन्हा टेंपोत चढली आणि जावकराव तिच्यासह त्या अनधिकृत पावसातून घरी आले.

पुढच्या खेपेला आभाळ नुसतंच भरून होतं. फवारे सुरू झाले, काळा ट्रॅक चकाकू लागला आणि वर्गातली तरुण मुलंमुली हेल्मेटं चढवून उभी राहिली. जावकरावांना केंद्रातलं जाकीट पोटावर लागेना, तेव्हा ते मागून दोरीनं बांधलं. शिकवायला एक तरुण बाई होत्या. एकेकाळी मोटरसायकलच्या शर्यतीत उतरलेल्या, एका हाताच्या हाडात धातूची पट्टी घातलेली, त्यामुळे तो हात जरा वाकडाच राही. त्यांना सगळे मॅडम म्हणत. जावकरावांना त्या काका म्हणाल्या आणि तिथंच त्यांचं निम्मं अवसान गळालं.

सरळ रस्त्यावर काका बरे गेले. पहिल्या वळणावर गाडीनं विचार केला, जावकरावांनी वेगळा विचार केला, आणि दोघांचं एकमत व्हायच्या आत ते ट्रॅकच्या कडेच्या टायरांत जाऊन बसले. दुसऱ्या वळणावरही तेच झालं. मॅडम कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"काका, पडण्याचं काही नाही. सगळेच पडतात. पण तुम्ही मागे का बघत नाही?"

"मागचं खातं माझ्याकडे नाही," जावकराव म्हणाले.

"म्हणजे?"

"ते घरी असतं."

आत दुमडून ठेवलेले दोन्ही आरसे मॅडमनी स्वतःच्या हातानं सरळ केले. जावकरावांनी त्यांत डोकावलं तर त्यांना फक्त स्वतःची हनुवटी दिसली, आणि ती काही बघण्यासारखी नव्हती. मॅडमची पाठ वळताच त्यांनी आरसे पुन्हा दुमडले.

खरी शोभा झाली ती शेवटच्या परीक्षेला. मागे माणूस बसवायचा त्याऐवजी केंद्रात वाळूचं पोतं बांधत. पोतं बांधलं, गाडी निघाली, वळण आलं. जावकरावांनी सवयीनं विचारलं, "येतंय का कोणी?"

पोतं काही बोललं नाही. जावकराव थांबले. उत्तराशिवाय वळणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांच्यामागे एक गाडी थांबली, मग दुसरी, मग सगळा वर्ग. वरून फवाऱ्याचं पाणी पडत होतं. पाण्यानं पोत्याची दोरी सैल झाली, पोतं हलकेच एका बाजूला कलंडलं, त्याच्यामागोमाग गाडी कलंडली, आणि जावकराव पोत्याच्या अंगावर पडले. गर्दीतल्या कुणीतरी त्यांना म्हणताना ऐकलं, "लागलं का गं?" हे ते पोत्याला म्हणाले होते. एका मुलाच्या मोबाइलमध्ये हे सगळं आवाजासकट उतरलं.

"काका," मॅडम त्यांना उठवत म्हणाल्या, "पोत्यावर तुमचं जमायचं नाही. घरच्या मावशींनाच घेऊन या. नियमात बसतं."

नियमात बसत होतं, पण मावशी कुठं बसत होत्या. जावकराव टेंपोतून घरी आले ते आता सगळं संपलं अशा समजुतीनं. त्यांच्या आधी व्हिडिओ घरी पोचला होता. जिन्यात वरचे इंजिनिअर, खालचे डॉक्टर आणि समोरच्या काकू एकाच मोबाइलवर वाकून उभे होते.

"या जावकराव," इंजिनिअर म्हणाले. "आधी वहिनींनी दिला, आता पोत्यानंही राजीनामा दिला म्हणे."

सगळे हसले. जावकरावही हसले, न हसून सांगतात कुणाला. हसता हसता त्यांना दिसलं की खालच्या पायरीवर भाजीची पिशवी घेऊन वहिनी उभ्या आहेत. त्या कधी आल्या ते कुणालाच कळलं नव्हतं. कठड्याला धरून त्या सगळ्यांच्या मधून वर गेल्या, कुणाकडेही न बघता. जावकराव मागोमाग घरात आले. त्यांना रडावंसं वाटत होतं. ओल्या मोज्यांसकट ते खुर्चीवर बसून राहिले.

"पुन्हा कधी जायचंय?" वहिनींनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"नाही जायचं."

"मी येते. पोत्यापेक्षा बरी बसेन. तिथं रस्त्यासारखी गर्दी तर नसेल."

जावकरावांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. त्यांनी पुन्हा विचारायचं धाडसही केलं नाही. एकदा झालेल्या मंजुरीबद्दल पुन्हा विचारलं की तीत त्रुटी निघतात, हा त्यांचा ऑफिसातला अनुभव होता.

पुढच्या वर्गाच्या दिवशी टेंपोत तिघं बसली. आभाळ तसंच होतं, गढूळ आणि खाली आलेलं. वहिनींना जाकीट बरोबर बसलं. मॅडमनी त्यांना हात धरून गाडीवर चढवलं. खांद्यावर वहिनींचा हात पडला आणि जावकरावांचा जीव भांड्यात पडला. हात नेहमीपेक्षा घट्ट होता. घाबरली आहे, पण आली आहे, असं त्यांच्या मनात आलं.

पहिलं वळण. "येतंय का कोणी?"

"नाही."

ते वळले. गाडी वळली, चाकं वळली, जगातलं सगळं काही जिथल्या तिथं होतं. दुसऱ्या वळणालाही तसंच झालं. टायरांपाशी उभ्या असलेल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. गेल्या कित्येक दिवसांत जावकराव इतके सुखी झाले नव्हते. ते गाडी फार हळू चालवत होते, पण आतून त्यांना आपण शर्यतीत आहोत असं वाटत होतं.

तिसऱ्या फेरीला मॅडमनी मागून एका मुलीला गाडी घेऊन सोडलं. मागच्या गाडीला आधी जाऊ द्यायचं आणि मग वळायचं, एवढंच त्यात होतं. जावकरावांना हे सांगितलेलंही होतं, पण मागून काय येतंय हा त्यांचा विषयच नव्हता.

"येतंय का कोणी?"

या वेळी उत्तराला जरा वेळ लागला. खांद्यावरचा हात आणखी आवळला. "नाही," वहिनी म्हणाल्या.

जावकराव वळले. ती मुलगी अगदी बाजूला होती. तिनं ओरडून गाडी वाकवली, घसरली आणि कशीबशी सावरून पुढं गेली. जावकरावांनी ब्रेक दाबला. गाडीनं या खेपेला खरंच विचार केला असावा, कारण ती आधी उभी राहिली आणि मग, आता काही उपयोग नाही असं ठरवून, आडवी झाली. नवराबायको बसल्या जागी स्वतःभोवती एक गिरकी घेऊन पाण्यातून घसरत गेले आणि ट्रॅकच्या मधोमध थांबले. फवारा चालूच होता.

"लागलं का गं?"

"नाही. तुम्हाला?"

"नाही." जावकरावांनी हेल्मेट काढलं. आता सगळं बोलूनच टाकावं असं त्यांना वाटलं. "माझंच चुकलं. त्या दिवशीही. तू नाही म्हणालीस आणि मी उशीर केला. ओल्यात मला भीती वाटते. तुझा विश्वास उडाला हे कळतंय मला."

वहिनी पाण्यात हात टेकून बसल्या होत्या.

"तुम्ही उशीर केला नव्हता," त्या म्हणाल्या. "व्हॅन होती तिथं. आत्ता ही मुलगीही होती. मला दिसल्या नाहीत."

"दिसल्या नाहीत म्हणजे?"

"मधलं दिसत नाही मला. दोन्ही डोळ्यांना. कडेकडेचं दिसतं. आधी आवाजावर भागायचं, ट्रक कुठला, रिक्षा कुठली, कळायचं. मग त्या बिनआवाजाच्या गाड्या आल्या. त्या दिवशी डबक्यात बसलो तेव्हा म्हटलं, आता बसायचं नाही मागे. एक दिवस मारीन मी तुम्हाला."

"डॉक्टरांना दाखवायला हवं," जावकराव कसंबसं म्हणाले.

"दाखवलं. बहिणीकडे जाते म्हणायचे ना, तेव्हा. ते म्हणाले, गेलं ते येत नाही. आहे ते टिकवायचं बघू."

"एकटी जायचीस? बसचा नंबर कोण सांगायचं?"

"विचारायचे कुणाला तरी."

फवाऱ्याचं पाणी जावकरावांच्या चेहऱ्यावरून ओघळत होतं, त्यामुळे ते रडतायत की नाही हे लांबून कुणाला कळलं नसतं. रडतच होते ते. "मला का नाही सांगितलंस?"

वहिनी रागावलेल्या दिसल्या नाहीत.

"तुम्ही विचारलंत कधी?" त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं एकच विचारलंत, मागून काय येतंय. मला काय दिसतंय, हे नाही विचारलंत."

मॅडम धावत येत होत्या. त्यांना हातानंच थांबवून जावकराव बायकोच्या जवळ सरकले.

"आत्ता काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

वहिनींनी त्यांच्याकडे सरळ बघितलं. "असं बघितलं की तुम्ही नाहीच. राखाडी डाग आहे तिथं." मग त्यांनी मान टायरांकडे वळवली. "असं बघितलं की कडेला दिसता. पूर्ण नाही. कान दिसतो, थोडे केस. ओले झालात पार."

मॅडमनी दोघांना उठवलं, हातपाय हलवून बघायला लावले आणि मग जरा अवघडून म्हणाल्या, "काका, सॉरी. नापासच लिहावं लागणार."

"लिहा," जावकराव म्हणाले. "योग्यच आहे. पण ट्रॅक ओला आहे तोवर एक फेरी मारू द्या. मागे कोणी सोडू नका."

मॅडम आधी नको म्हणाल्या, मग दोघांची तोंडं बघून बाजूला झाल्या. जावकरावांनी आरसे सरळ केले. पहिल्यांदा नेहमीप्रमाणे हनुवटी आली. मग त्यांनी ते आणखी जरा बाहेर वळवले, तेव्हा एकात वहिनींचं हेल्मेट आलं आणि दुसऱ्यात मागचा ओला, रिकामा रस्ता. आपल्या मागे एवढं काही असतं हे त्यांना या वयात प्रथमच दिसत होतं. वहिनी चढल्या, खांद्यावर हात ठेवला आणि तोंड एका बाजूला फिरवून बसल्या.

गाडी निघाली, अगदी हळू. टायरांपाशी उभी असलेली मघाची ती मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "मावशी जाम चिडल्यात. काकांकडे बघायलाही तयार नाहीत." आणि ते खरंच तसं दिसत होतं. अख्ख्या फेरीत वहिनींनी एकदाही नवऱ्याकडे तोंड केलं नाही. वळण आलं तेव्हा जावकरावांनी दोन्ही आरसे बघितले, मान वळवून खांद्यावरून मागे बघितलं, थांबले, पुन्हा बघितलं, आणि वळले. विचारलं काहीच नाही.

"कानावर केस फार वाढलेत तुमच्या," वहिनी म्हणाल्या. "उद्या कापून घ्या."

"बरं," जावकराव म्हणाले.